हिरोशिमाच्या नोंदवहीपाशी

“जपानला जाताय ना, खुशाल जा. पण त्या लोकांनी आमच्या मामूंचं जहाज बुडवलं होतं, एवढं ध्यानात असू द्या.”

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे जपानला जायचे आणि त्यातले दोन दिवस हिरोशिमासाठी काढायचे, हा बेत अम्मीला सांगितला तेव्हा तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता ती एवढेच बोलली.

मामू म्हणजे आमच्या नानीचे थोरले भाऊ. दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचे. त्या काळी कोकणातल्या मुसलमान वस्त्यांत घरटी एक तरी माणूस ‘जहाजावर’ असायचा. मामू आगवाले होते, म्हणजे बोटीच्या पोटात भट्टीला कोळसा घालणारे. एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमार बंगालच्या उपसागरात शिरले आणि थोड्याच दिवसांत त्याने वीसहून अधिक व्यापारी जहाजे बुडवली. त्यांतल्या एकावर मामू होते, एवढाच निरोप गावी आला. जहाजाचे इंग्रजी नाव नानीला कधी नीट घेता आले नाही. मय्यत आली नाही, कबर झाली नाही. नानी त्यानंतर चाळीस वर्षे जगली, पण भावाच्या नावाआधी तिने कधी ‘मरहूम’ लावले नाही.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहासाचे सर रजेवर असले की तो तासही आमच्याकडे येतो. ‘६ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेने हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. ९ ऑगस्टला नागासाकीवर टाकला. जपानने शरणागती पत्करली.’ एका गुणाचे उत्तर. हे आम्ही किती वर्षे फळ्यावर लिहिले आणि पुसले याचा हिशेब नाही. नववीतल्या आमच्या मुलाच्या मोबाइलवर रणगाडे आणि क्षेपणास्त्रे सतत उडत असतात. त्याने विमानातच विचारले, “बॉम्ब टाकला म्हणून लढाई संपली, मग बरंच झालं ना?” मुलांच्या अब्बूंनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही खिडकीबाहेर.

भाऊ तोक्योच्या एदोगावा भागात राहतो. तिथे मराठी माणसे इतकी, की तूरडाळ आणि गोडा मसाला पायी जाऊन आणता येतो. तिथून शिनकानसेनने हिरोशिमा चार तासांचा प्रवास. भावजयीने पराठे आणि उकडलेली अंडी बांधून दिली होती, कारण बाहेर हलाल मिळेल याचा भरवसा नसतो. हिरोशिमा स्टेशनाबाहेर ट्राम उभी होती. भाऊ म्हणाला, बॉम्बनंतर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, या शहरात थोड्या अंतरापुरती ट्राम पुन्हा सुरू झाली होती आणि त्या स्फोटातून वाचलेल्या गाड्यांपैकी एकदोन आजही रुळावर आहेत. मुलगा लगेच प्रत्येक ट्रामचा नंबर वाचू लागला.

उतरताच समोर तो घुमट. फोटोत हजारदा पाहिलेला. यान लेत्सेल या चेक वास्तुविशारदाने बांधलेली ही इमारत १९१५ मध्ये व्यापारी प्रदर्शनासाठी उभी राहिली. बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, तो इथून फक्त १६० मीटरवर. दाब जवळजवळ सरळ वरून आला म्हणून काही भिंती उभ्या राहिल्या. आतली माणसे मात्र एकही वाचली नाहीत. १९९६ पासून हा घुमट जागतिक वारशात आहे. त्याच्यासमोर दोन बोटे वर करून फोटो काढून घेणारेही बरेच होते. वाईट वाटले, पण मग आठवले, आपल्याकडे किल्ल्यांवर आणि दर्ग्यांत आपण याहून वेगळे काय करतो?

नदी ओलांडली की उद्यान. दोन नद्यांच्या बेचक्यातली ही बारा हेक्टर जागा. कापूर आणि चेरीची झाडे, कापलेले गवत, बाकांवर बसलेली म्हातारी माणसे. एखाद्या शहरातली मोकळी जागा असावी तसे वाटते. पण इथे कधी बाग नव्हती. हा नाकाजिमा नावाचा गजबजलेला मोहल्ला होता: दुकाने, घरे, सिनेमाघर, देवळे. तो एका सकाळी, सव्वाआठ वाजता, नाहीसा झाला. पुढे केन्झो तांगे या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे त्या राखेवर माती टाकून हे उद्यान केले. २०२२ पासून एका ठिकाणी ती माती काढून खालचा जुना रस्ता आणि जळलेल्या घराची जमीन लोकांना पाहता येईल अशी ठेवली आहे. आमची मुलगी तिथे वाकून पाहत होती. ती म्हणाली, “म्हणजे आपण आता लोकांच्या घरांवरून चालतोय?” त्यानंतर ती बराच वेळ हिरवळीवर पाय ठेवीना, फरशीवरूनच चालत राहिली.

मे महिना जपानी शाळांच्या सहलींचा. पिवळ्या टोप्या, निळे गणवेश, हातात घड्या घातलेल्या कागदी बगळ्यांच्या माळा. सादाको सासाकी ही मुलगी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी, ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. इस्पितळात ती कागदाचे बगळे करीत असे. तिच्या वर्गमित्रांनी सुरुवात केली आणि देशभरच्या शाळांतून पैसे जमून १९५८ मध्ये मुलांचे स्मारक उभे राहिले. त्याच्यापुढे प्रत्येक शाळा रांगेत उभी राहते, दोन विद्यार्थी काही वाचून दाखवतात, मग माळ टांगतात. आमचे डोळे मुलांपेक्षा शिक्षकांकडे. एक बाई शेवटच्या रांगेतल्या कुजबुजणाऱ्या दोघांच्या मागे जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. तीच युक्ती! ओळख नसताना त्या बाईंना सलाम करावासा वाटला.

उद्यानाच्या मध्यावर मुख्य स्मारक आहे. खोगिराच्या आकाराची काँक्रीटची कमान, खाली दगडी पेटी. कमानीतून पाहिले की मागची ज्योत आणि पलीकडचा घुमट एका रेषेत दिसतात. ज्योतीचा चौथरा दोन मनगटे जोडून तळवे आकाशाकडे उघडावेत तसा घडवला आहे. आमच्या मुलीने ते लगेच ओळखले: “दुआ मागतायत.” पृथ्वीवरचे शेवटचे अण्वस्त्र नष्ट होईपर्यंत ती ज्योत विझवायची नाही, असे ठरवून १९६४ मध्ये ती पेटवली. अजून जळतेच आहे.

पेटीवर एक वाक्य कोरले आहे. मृतांनी शांतपणे विसावा घ्यावा, ही चूक पुन्हा होणार नाही, अशा अर्थाचे. मूळ जपानीत चूक कोणाची हे सांगणारा कर्ताच नाही. तोक्योच्या युद्धगुन्हे खटल्यातले आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल १९५२ मध्ये इथे आले तेव्हा त्यांना हे खटकले. बॉम्ब जपानने टाकला नव्हता, मग चूक कोणी कबूल करायची, असा त्यांचा रोख होता. त्यावर जपानमध्ये मोठा वाद झाला. वाक्य लिहिणाऱ्या प्राध्यापकांचे म्हणणे असे की इथे उभा राहणारा प्रत्येक माणूस हा त्या वाक्याचा कर्ता आहे. व्याकरण शिकवणाऱ्या आम्हाला अध्याहृत कर्त्याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही. तरीही पालसाहेबांचा प्रश्न मनातून गेला नाही. आणि त्याच्या पाठीमागे अम्मीचा प्रश्न उभाच होता.

त्या पेटीत काय आहे? भाऊ म्हणाला, “वह्या.” मृतांच्या नावांच्या नोंदवह्या. बॉम्बने १९४५ अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली असा अंदाज आहे. त्यानंतरही जे बॉम्बग्रस्त वारले, त्यांची नावे दर वर्षी ६ ऑगस्टला या वह्यांत जमा होतात. आता ती साडेतीन लाखांच्या घरात गेली आहेत. देश, धर्म काही पाहत नाहीत. दर वर्षी मे महिन्यात वह्या बाहेर काढून त्यांना वारा देतात, कसर लागू नये म्हणून. आणि एक वही अशी आहे की तिच्यात नाव एकही नाही. ज्यांची नावे कधीच कळली नाहीत अशा असंख्यांसाठी ती ठेवली आहे.

आम्ही तिथे थोडे जास्तच थांबलो.

संग्रहालयाचे तिकीट फक्त २०० येन, म्हणजे इथल्या चहाच्या किमतीहून कमी. आत गर्दी फार आणि तरीही शांतता. सगळे सांगत नाही. काही गोष्टी वाचणाऱ्याच्या घरात लहान मुले असतील म्हणून सांगत नाही. एक तीनचाकी सायकल आहे, चार वर्षेही पुरी न झालेल्या मुलाची. बापाने ती मुलाबरोबरच परसात पुरली होती आणि चाळीस वर्षांनी, मुलाच्या अस्थी कबरीत हलवताना, बाहेर काढली. आणि एक जेवणाचा डबा आहे.

डब्याची गोष्ट सांगायलाच हवी. त्या दिवसांत हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरातली घरे पाडून मोकळे पट्टे केले जात होते आणि त्या कामावर बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुले लावली होती. ६ ऑगस्टच्या सकाळी अशी हजारो मुले उघड्यावर होती. त्यांतली सहा हजारांच्या आसपास मेली. त्यांच्यातल्या एकाची आई तीन दिवस शोधत होती. मुलगा ओळखू आला तो त्याच्या अंगाखालच्या डब्यावरून. डब्यातला भात आणि भाजी यांचा कोळसा झाला आहे, पण झाकण उघडले तर दाणे अजून ओळखू येतात.

आमचा मुलगा त्या काचेपुढे उभा होता. त्याला घाई करावी की थांबू द्यावे ते कळेना. शेवटी तो म्हणाला, “त्याने डबा खाल्लाच नव्हता.”

उद्यानाजवळ शिक्षक आणि मुलांचे एक स्मारकही आहे, १९७१ मधले. एका बाईंनी मुलाला हातांवर घेतले आहे आणि त्या आकाशाकडे पाहत आहेत. त्याच्यापुढे आम्ही काही बोललो नाही.

उद्यानाच्या उत्तरेला गवताने झाकलेली एक घुमटी टेकडी आहे. तिच्याखाली सुमारे ७० हजार लोकांची राख आहे, ज्यांना ओळखणारे कोणी उरले नाही किंवा ज्यांचे तुकडेही वेगळे करता आले नाहीत. त्यांतल्या सुमारे आठशे जणांची नावे माहीत आहेत, पण न्यायला कोणी आलेले नाही. महापालिका दर वर्षी त्या नावांची यादी छापून देशभर लावते. अजूनही. ही सगळी माणसे वेगळ्या धर्माची. मुलीने हळूच विचारले, आपण इथे काय म्हणायचे? मसाइल आलिमांनी सांगावेत, तो आमचा अधिकार नाही. आम्ही तिला एवढेच सांगितले की हुजूर (स.) यांच्यासमोरून एका यहुदी माणसाचा जनाजा गेला तेव्हा ते उठून उभे राहिले होते. आम्हीही उभे राहिलो.

याच बाजूला कोरियन बळींचे स्मारक आहे, कासवाच्या पाठीवर उभा केलेला उंच दगड. जपानने ताब्यात घेतलेल्या कोरियातून हजारो लोक इथल्या कारखान्यांत राबायला आणले होते. ते मेले जपान्यांबरोबरच, पण त्यांचे स्मारक १९७० मध्ये झाले ते उद्यानाबाहेर, नदीपलीकडे. आत यायला १९९९ उजाडले. मेल्यावरही कुंपणाबाहेर एकोणतीस वर्षे! जपानी लोकांबद्दल आदर वाटत असतानाच हे पाहिले ते बरे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यानापासून दहा-पंधरा मिनिटांवरची फुकुरोमाची प्राथमिक शाळा पाहिली. खरे तर ही आम्हाला उद्यानाहूनही जास्त लक्षात राहिली. स्फोटकेंद्रापासून ४६० मीटरवरच्या या शाळेची काँक्रीटची एक इमारत आतून जळून गेली, पण उभी राहिली. तिथे औषधोपचाराचे केंद्र सुरू झाले. भिंती धुराने काळ्याठिक्कर पडलेल्या. आपली माणसे शोधत येणाऱ्यांनी जमिनीवर पडलेले खडूचे तुकडे उचलून त्या काळ्या भिंतीवर निरोप लिहिले. अमुक मुलगी अमुक ठिकाणी आहे. अमुक बाईंबद्दल कोणाला माहिती असल्यास कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिले, पालकांनी मुलांसाठी. पुढे शाळा पुन्हा भरू लागली, भिंतींना गिलावा झाला, वर्गांत फळे आले. १९९९ मध्ये इमारत पाडण्याआधी तपासणी करताना एक फळा काढला, गिलावा खरवडला, आणि त्यामागे ती अक्षरे निघाली. चोपन्न वर्षे मुले त्या निरोपांच्या अंगणात शिकत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. त्यामुळे इमारतीचा तेवढा भाग राखून २००२ मध्ये त्याचे छोटे संग्रहालय केले.

खडू आमच्या रोजच्या हातातला. त्याने लिहिलेले तास संपायच्या आत पुसले जाते, ही आमची समजूत.

तिथून नदीकाठाने दक्षिणेकडे चालत गेलो. भावाने नकाशावर एक खूण करून ठेवली होती. योरोझुयो पुलाजवळ एक लहानसा दगड आहे, सहज ओलांडून जावा असा. इथे कोनान-र्यो नावाचे वसतिगृह होते. युद्धकाळात जपानने जिंकलेल्या मलाया, इंडोनेशिया, ब्रुनेई वगैरे भागांतून हुशार तरुण निवडून शिक्षणासाठी आणले, त्यांतले काही हिरोशिमाच्या विद्यापीठात होते. बहुतेक मुसलमान. बॉम्ब पडला तेव्हा त्यांतले काही वसतिगृहात, काही वर्गात. जे वाचले त्यांनी शेजाऱ्यांना ढिगाऱ्यातून काढले आणि विद्यापीठाच्या मैदानात त्यांच्याबरोबर उघड्यावर दिवस काढले. मलायाच्या निक युसूफचा हिरोशिमातच मृत्यू झाला. जोहोरचा सय्यद उमर तोक्योला नेताना वाटेत क्योतोत आजारी पडला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला गेला. त्याची कबर आज क्योतोच्या एन्कोजी या बौद्ध मंदिरात आहे. ब्रुनेईचे पेंगिरान युसूफ वाचले. पुढे ते आपल्या देशाचे मुख्यमंत्री झाले आणि ब्रुनेईचे राष्ट्रगीतही त्यांनीच लिहिले.

“पण या मुलांना इथे आणलं कुणी?” आमच्या मुलाने विचारले.

“जपानने.”

“आणि मारलं?”

“अमेरिकेने.”

“मग ते कुणाच्या बाजूचे?”

मुलांचे अब्बू म्हणाले, “आपल्या खलाशी मामूंना विचार. ते तरी कुणाच्या बाजूचे होते?” इंग्रजांचे जहाज, जपानची तोफ, भट्टीपाशी दापोलीचा माणूस.

निक युसूफची कबर इत्सुकाइची भागात कोझेनजी या मंदिराच्या आवारात आहे. दुपारी लोकल गाडीने तिकडे गेलो. दारातच एक वृद्ध बाई झाडत होत्या. भावाने जपानीत विचारले तर झाडू ठेवून त्या पुढे चालू लागल्या. जपानी घराण्यांच्या उभ्या दगडांमध्ये ही एक कबर वेगळी ओळखू येते. फुले ताजी होती. कोणी ठेवली असे विचारता त्या बाईंना प्रश्नच समजला नाही. ठेवायची असतात म्हणून ठेवली, असा चेहरा. आम्ही फातिहा पढलो. आमच्या मुलाने न सांगता रुमाल डोक्याला बांधला. जवळच्या मोकळ्या जागेत, मोबाइलवर किबला पाहून, जुहर आणि असर कसर करून पढलो. त्या बाई झाडे संपवून आमच्या मागे, थोड्या अंतरावर, हात जोडून उभ्या होत्या.

रात्री हॉटेलात अम्मीला व्हिडिओ कॉल लावला. डब्याची गोष्ट मुलाने सांगितली, आम्ही नाही. अम्मी म्हणाली, “त्या माउलीला अल्लाह सब्र देवो,” आणि मग लगेच, “ती तर केव्हाच गेली असेल म्हणा.” निक युसूफच्या कबरीचे ऐकून ती गप्प झाली. नंतर म्हणाली, “परक्या मुलाची कबर त्यांनी सांभाळली. आमच्या मामूंचं नाव तरी कुठं लिहिलंय का?”

भाऊ त्या प्रश्नाने अस्वस्थ झाला आणि रात्री उशिरापर्यंत संगणकावर शोधत बसला. पहाटे त्याने आम्हाला उठवून दाखवले. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांहून अधिक खलाशांची नावे एका स्मरणवहीत लिहिलेली आहेत. तिची एक प्रत चितगावला आहे आणि दुसरी मुंबईत, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये.

मशीद बंदर! रमजानच्या आधी खजूर आणि सुकामेवा घ्यायला आम्ही दर वर्षी मुंब्र्याहून तिथे उतरतो. अम्मीही येत असे, गुडघे दुखायला लागेपर्यंत. पिशव्या सांभाळत, हमालांना चुकवत, पूर्वेकडच्या बाजूला एकदाही वळलो नाही. हिरोशिमापर्यंत जाऊन कळले.

परत आल्यावर अम्मीने स्वतःच्या हाताने एका चिठ्ठीवर उर्दूत मामूंचे नाव लिहिले, त्यांच्या वडिलांचे लिहिले, खाली गाव. मग तिला शंका आली, वही इंग्रजीत असणार आणि त्या वेळच्या साहेबाने नाव कानाला ऐकू आले तसे लिहिले असणार. म्हणून मुलाला बसवून त्या नावाची इंग्रजी स्पेलिंगे काढायला लावली. एकूण सहा निघाली. शाळा सुरू व्हायला अजून आठवडा आहे. येत्या मंगळवारी जायचे ठरले आहे. अम्मी म्हणते, टॅक्सी करू, पण मी येणार.